अक्काची गाठ, माझं निदान

११ जानेवारी, रविवार. दुपारी.

आजपासून रोजनिशी लिहायची. कारणही तसंच आहे.

सकाळी चहा पिताना अक्का म्हणाली, गळ्याशी हाडाच्या वर, उजवीकडे काहीतरी हाताला लागतंय, बघतोस का.

मला विचारलं. मला.

एकोणतीस वर्षं मेडिकल कॉलेजात अॅनाटॉमी शिकवतोय. पण या घरात कुणाला शिंक आली तरी फोन जातो मेव्हण्याला. मेव्हणा म्हणजे हिचा, माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. छातीचा डॉक्टर. स्वतःचं क्लिनिक, क्लिनिकबाहेर खुर्च्या, खुर्च्यांवर पेशंट. आणि मी? 'मेलेल्यांचा डॉक्टर'. हे नाव हिच्या माहेरून आलंय. तिकडे सगळे हसतात. हीसुद्धा.

अक्का कधी हसली नाही. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. शाळेत गणित शिकवून तिनं मला वाढवलं, डॉक्टर केलं. आता निवृत्त होऊन आमच्याकडेच असते. तिला माझी किंमत आहे.

तपासलं. दोन सेकंद लागले. अनुभवी बोटांना जास्त वेळ लागत नाही. वाटाण्याएवढी गाठ, टणक, दुखत नाही. ही लिम्फची गाठ. शरीरभर एक बिनरंगी पाणी झिरपत असतं, ते गोळा करून परत रक्तात सोडणाऱ्या बारीक नळ्या असतात, आणि वाटेत या गाठी, चाळणीसारख्या. कुठे बिघाड झाला की त्या भागाची चाळणी फुगते. सोपं आहे.

निदान : दात. अक्काला तसं सांगितलंही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, दिवसातून चारदा.

माझा पहिला जिवंत पेशंट. सगळं व्यवस्थित टिपून ठेवायचं. पुढेमागे पेपर छापता येईल.

११ जानेवारी. संध्याकाळी.

मेव्हणा जेवायला आला होता. हिनं गाठीचं सांगून टाकलं. (बायकांच्या पोटात काही राहत नाही.) त्यानं अक्काला विचारलं, खोकला आहे का. आहे, थोडा. वजन? कपडे सैल झालेत. तो म्हणाला, छातीचा फोटो काढून घेऊया, उद्याच या.

मी त्याला शांतपणे सांगितलं की ज्याच्या हातात हातोडा असतो त्याला सगळीकडे खिळेच दिसतात. छातीच्या डॉक्टरला छाती. आणि फोटो काढायचं मशीन स्वतःच्याच क्लिनिकमध्ये असलं की काय विचारायलाच नको.

तो पुढे जेवू लागला. ही ताट उचलून आत गेली. मला वाटतं मुद्दा पोचला.

१३ जानेवारी

गुळण्या चालू. गाठ आहे तशी.

एक तांत्रिक नोंद. दातांचा निचरा जबड्याखालच्या गाठींत होतो, कॉलरबोनच्या, म्हणजे गळ्याशी असलेल्या त्या हाडाच्या, वर नाही, हे मला माहीत आहे. मीच शिकवतो. पण जबड्याखालून पुढे तो मानेतून खाली उतरतोच. कॉलरबोनपर्यंत उतरू शकतो. पुस्तकात ठळक छापलेलं नाही म्हणून होतच नाही असं नाही.

फुप्फुसांचंही पाणी वर चढत चढत त्याच भागात येतं, हेही मीच शिकवतो. म्हणजे तिथे दोन्ही रस्ते मिळतात. दोन रस्त्यांपैकी अक्कासारख्या माणसाच्या बाबतीत मी दात का निवडला? अनुभव.

१७ जानेवारी

अक्काला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याला दात ठीक वाटले. मी माझी ओळख करून दिली, केस समजावून सांगितली. मग त्याला उजवीकडची खालची दाढ जरा शंकास्पद वाटली. काढली.

अक्का घरी येईपर्यंत गालावर रुमाल धरून होती. मला समाधान वाटलं. मूळच उपटलं म्हणजे प्रश्नच मिटला.

२२ जानेवारी

गाठ मिटली नाही. किंचित मोठी वाटते. बोटांचा भ्रम असू शकतो. सूज उतरण्याआधी चढतेच.

अक्काचा खोकला रात्रीचा वाढलाय. डावीकडे बरगडीखाली दुखतं म्हणते. हिनं माझ्याकडे बघितलं. मी हिला समजावलं : दुखतं डावीकडे, गाठ उजवीकडे. दोन वेगळ्या बाजू. मधे श्वासनळी, अन्ननलिका, मोठ्या रक्तवाहिन्या, एवढं सगळं आहे. संबंध असता तर गाठ डावीकडे नसती का आली? साधं लॉजिक आहे.

ही म्हणाली, तुम्हाला जास्त कळतं. हे ती कुठल्या सुरात म्हणाली ते लिहून दाखवता येत नाही.

२६ जानेवारी

दुसरी दाढ काढली. वरची.

३१ जानेवारी

अक्काला चावता येत नाही, म्हणून जेवण कमी, म्हणून वजन कमी. सगळं जुळतं. वजनाचं कारण सापडल्यामुळे एक काळजी मिटली.

दातांच्या डॉक्टरला फोन करून तिसऱ्या दाढेसाठी वेळ घेतली.

१ फेब्रुवारी

अक्कानं नकार दिला. आवाज चढवून नाही. फळ्यावर उत्तर लिहून खडू खाली ठेवावा तशी म्हणाली, "दोन दिल्या. तिसरी मी देणार नाही."

मी पुष्कळ समजावलं. शेवटी म्हटलं, पेशंटचं सहकार्य नसेल तर डॉक्टरनं काय करावं. ती म्हणाली, बरोबर आहे तुझं, आणि पेपर वाचत बसली.

गुळण्या वाढवायला सांगितल्या. सहा वेळा.

६ फेब्रुवारी

अक्का आणि ही आठवड्यात तीनदा बाहेर गेल्या. अक्काच्या शाळेतली कुणी मैत्रीण भेटलीय म्हणे. चांगलं आहे. मन रमतं.

आज आली तेव्हा गळ्याशी चिकटपट्टी होती. मैत्रिणीच्या मांजरानं ओरखडलं. मांजरं वाईट.

१३ फेब्रुवारी

अक्का आता आपल्या खोलीत एकटीच झोपते, खिडक्या सताड उघड्या टाकून. खोकताना तोंडावर रुमाल. मी जवळ बसलो की सरकून बसते. दाढांचा राग अजून गेलेला दिसत नाही. सकाळी उपाशीपोटी गोळ्या घेताना दिसली, मूठभर. जीवनसत्त्वं आहेत म्हणाली. मी लिहून दिलेली नाहीत, पण असू देत. अपाय नाही.

आता कामाचं. सोमवारी पहिल्या वर्षाला फुप्फुसांचा लिम्फॅटिक ड्रेनेज शिकवायचाय. दरवर्षी हा टॉपिक तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत येतो आणि मी 'घरी वाचा' म्हणून सोडून देतो. यंदा संपूर्ण तास द्यायचा. विभागप्रमुख मॅडम (माझी विद्यार्थिनी, पण ते असो) मागे बसून ऐकणार आहेत. यंदा तरी प्रमोशनचा विचार व्हायला हवा.

१६ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी.

लिहायला हवं. 

तास उत्तम चालला होता. रंगीत खडूंनी दोन्ही फुप्फुसं काढली. सांगितलं की पाणी गोळा करणारी दोन जाळी असतात, एक फुप्फुसाच्या पृष्ठभागावर आणि एक आत, श्वासनळीच्या फांद्यांबरोबर. दोन्ही फुप्फुसाच्या दाराशी एकत्र येतात. तिथे पहिल्या गाठी. मग श्वासनळीला जिथे दोन फाटे फुटतात तिथल्या गाठी. मग नळीच्या कडेनं वर, वर, कॉलरबोनपर्यंत. पोरं लिहीत होती. मॅडम मान डोलवत होत्या.

एकोणतीस वर्षांत तोंडाला सवय झालीय. डोकं दुसरीकडे असलं तरी तोंड आपलं चालू असतं. तसंच चालू होतं. उजवं फुप्फुस उजवीकडे निचरतं, म्हणालो. डावं फुप्फुस, वरचा भाग, डावीकडे. हिरवा खडू घेतला आणि म्हणालो, "पण डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागाचं पाणी मधली रेषा ओलांडून उजवीकडे जातं. हे लक्षात ठेवा. डावीकडे रोग, गाठ उजवीकडे. इथेच पेशंट फसतो आणि डॉक्टरही फसतो."

बाण काढून झाला होता. डावीकडे खालून निघून उजवीकडे वर. हिरवा.

मी फळ्याकडे बघत राहिलो.

मागच्या बाकावरचा कुणीतरी म्हणाला, सर, शेवटचं वाक्य परत सांगा, राहिलं. मी परत सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

पुढे काय शिकवलं आठवत नाही. मॅडम नंतर म्हणाल्या की शेवटचा पॉज फार परिणामकारक होता.

१६ फेब्रुवारी. संध्याकाळी.

दरवर्षी 'घरी वाचा' म्हणायचो. मीही घरी वाचायला हवं होतं.

१७ फेब्रुवारी

रजा टाकली. दिवसभर पुस्तकं चाळली. पाच आणली होती. कुठल्या तरी एका पुस्तकात 'क्वचित' असेल, 'काही मतानुसार' असेल, असं वाटत होतं. पाचही पुस्तकांत तेच. एकात तर चौकट करून छापलंय.

अक्का डोकावली. म्हणाली, रजा का, बरं नाही का. कपाळाला हात लावून बघितला. तिनं माझ्या.

१९ फेब्रुवारी

निश्चय. मेव्हण्याला सांगायचं. मानापमान बाजूला. उद्याच जायचं, सरळ म्हणायचं : माझं चुकलं, अक्काला बघ. एवढंच. घरी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा जमलं.

२० फेब्रुवारी

गेलो. बाहेर खुर्चीवर बसलो. शेजारी एक म्हातारा खोकत होता, तो मला कशासाठी आलात विचारत राहिला. आतून हाक आली. मेव्हणा उठून उभा राहिला, या भाऊजी, बसा, काय झालं.

मी म्हणालो, डोकं जड वाटतं.

त्यानं बीपी बघितलं. वाढलेलं होतं. गोळी लिहून दिली. मग जरा घुटमळत म्हणाला, आलाच आहात तर छातीचा एक फोटो काढून घेऊ, घरातल्या सगळ्यांचाच काढावा असं माझ्या मनात आहे.

घरातल्या सगळ्यांचा! अक्काची केस हातून गेली तर आता अख्खं घर गिऱ्हाईक. माझा पारा चढला. कसं कुणास ठाऊक, पण चढला. उठून आलो.

रस्त्यात लक्षात आलं की सांगायचं राहिलं.

२३ फेब्रुवारी

नवा प्लॅन. मेव्हण्याची गरज काय? आमच्या कॉलेजच्या दवाखान्यात फोटोचं मशीन आहे. अक्काला शंका येऊ न देता तिथे न्यायचं. आधी फोटो बघायचा, मग ठरवायचं. कदाचित काहीच नसेल. कदाचित खरंच दाढ असेल. तिसरी.

अक्काला सांगितलं की आमच्या विभागाच्या म्युझियमसाठी निरोगी ज्येष्ठ स्त्रियांच्या छातीचे फोटो जमवतोय.

ती म्हणाली, "निरोगी?" मग म्हणाली, "परत काढायचा?"

परत म्हणजे बहुतेक मनगट मोडलं होतं तेव्हाचा धरून. वय झालं की काळाचा गोंधळ होतो. बिचारी तयार झाली. वर म्हणाली, तुझं काम होणार असेल तर काढू.

ती हो म्हणाली तेव्हा मला रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

२६ फेब्रुवारी

फोटो झाला. फोटो काढणारा मुलगा फिल्म देताना म्हणाला, सर, हे कुणाला तरी लवकर दाखवा. मी म्हणालो, मीच तो कुणीतरी.

फिल्म घेऊन म्युझियममध्ये गेलो. तिथे बरण्यांतले अवयव आणि शांतता असते. खिडकीच्या काचेवर धरली.

मला फिल्म वाचता येत नाही. हे इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचणार आहे. फुप्फुस हातात दिलं तर डोळे मिटून सांगेन डावं की उजवं, कुठला भाग, कुठली भेग. पण फिल्मवर सगळं धूर. बरगड्या, धूर, धुरावर धूर. डावीकडे खाली काहीतरी दाट आहे. की फिल्म काढताना अक्का हलली? मधे उजवीकडे फुगीर आहे. की ती वाकून उभी होती?

बरणीतलं डावं फुप्फुस काढून शेजारी ठेवलं, तुलनेसाठी. बरणीतल्या फुप्फुसाच्या दाराशी छोट्या काळ्या गाठी आहेत. वर्षानुवर्षं पोरांना दाखवत आलो, बघा किती सुंदर दिसतात. आज पहिल्यांदाच मनात आलं की हे कुणाचं तरी होतं. त्याच्याही घरी कुणीतरी दात म्हणालं असेल.

फिल्म माझ्या कपाटामागे सरकवून ठेवली.

१ मार्च

अक्का आज दुपारी दोनदा जेवली. मऊ भात, सूप, पुन्हा भात. खोकला नाही. गाणं गुणगुणत होती.

हे मला अजिबात आवडलेलं नाही. विझताना दिवा मोठा होतो.

४ मार्च

हिनं सांगितलं, अक्कांचं वजन थोडं वाढलं. मी वळून खिडकीबाहेर बघत राहिलो. वजन वाढणं म्हणजे कुठेतरी पाणी साठतंय. निचरा तुंबला की पाणी साठणारच. ही आनंदात आहे. हिला सांगायचं कसं?

सगळं मी एकट्यानं वाहतोय. मला बीपीची गोळी लागू पडलेली नाही.

७ मार्च

निश्चय. उरलेले दिवस अक्काला सुखात ठेवायचं. तिला काय हवं ते विचारायचं, अगदी सहज, संशय न येता. दूर कुठे जायचं असेल, कुणाला भेटायचं असेल, जे असेल ते.

विचारलं. अक्का म्हणाली, "एकच हवंय. जेवताना माझ्याकडे टक लावून बघणं बंद कर. घास उतरत नाही."

९ मार्च

तासाला चुकीच्या वर्गात गेलो. अर्धा तास शिकवलं. तो फार्मसीचा वर्ग होता. पोरांनी सगळं लिहून घेतलं.

मॅडमनी बोलावून घेतलं. प्रमोशनचं विचारायला बोलावलं असेल असं वाटलं. त्या म्हणाल्या, सर, काही दिवस विश्रांती घ्या. मी म्हणालो, घरात आजारपण आहे. कुणाचं? बहिणीचं. कोण बघतंय? मी म्हणालो, मी.

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

१२ मार्च

सगळं सांगून टाकलं.

फिल्म पेपरात गुंडाळून क्लिनिकवर गेलो. खुर्चीवर बसलो नाही. सरळ आत. आत एक पेशंट शर्ट काढून बसला होता, त्याच्यासमोरच सुरू झालो. गाठ, दात, दोन दाढा, फळा, हिरवा बाण, फिल्म. माझं चुकलं म्हणालो. अक्काला वाचव म्हणालो. मोठ्यानं म्हणालो असणार, कारण बाहेरची माणसं दारात येऊन उभी राहिली.

मेव्हण्यानं त्या पेशंटला शर्टासकट बाहेर बसवलं. दार लावलं. माझी फिल्म हातात घेतली, पण बघितली नाही. ड्रॉवर उघडून दुसरी फिल्म काढली. अक्काची. ५ फेब्रुवारीची.

"भाऊजी," तो म्हणाला, "टीबी आहे. गाठीत सुई घालून तपासून घेतलं. गोळ्या सुरू करून महिना झाला. सहा महिने घ्यायच्या आहेत. अक्का बऱ्या होतायत."

मला खरं वाटेना. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग ना, मी विचारलं. हो म्हणाला. पाणी ओलांडून उजवीकडे गेलं, मी म्हणालो. हो, तो म्हणाला, तुम्ही शिकवता तसंच.

मग विचारलं, मला का नाही सांगितलं. तो टेबलावरचं पेन इकडून तिकडे ठेवत राहिला. अक्कांनी शपथ घातली होती, म्हणाला. म्हणाल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला कुणीतरी विचारलंय, आता त्याच्या हातातून काढून घेऊ नका.

म्हणजे मैत्रीण नाही. मांजरही नाही. जीवनसत्त्वंही नाहीत. हिला सगळं माहीत होतं. दातांच्या डॉक्टरलासुद्धा माहीत होतं, अक्कानं जाऊन सांगितलं की पुढच्या वेळी माझा भाऊ आला तर कवळी दाखवून परत पाठवा.

सगळ्या घराला माहीत होतं. फक्त घरातल्या डॉक्टरला सोडून.

१३ मार्च

निश्चय. कुणाशी बोलायचं नाही. विश्वासघात झाला आहे. निदान आठवडाभर तरी अबोला.

१३ मार्च. दुपारी.

अक्काच्या खोलीत गेलो. ती पलंगावर बसून दुधात पाव बुडवून खात होती, उरलेल्या बाजूनं. मी दारात उभा राहिलो. भाषण तयार होतं. तिनं पलंगावर जागा करून दिली. आता जवळ बसलास तरी चालेल म्हणाली, गोळ्यांना महिना झाला, डॉक्टरांनी परवानगी दिलीय.

बसलो. भाषण आठवेना. एवढंच विचारलं की तू मला सांगितलं का नाहीस.

अक्का म्हणाली, "सांगितलं तूच होतंस. पहिल्याच दिवशी. गाठीवर बोट ठेवलंस आणि चटका बसावा तसं उचललंस. लहानपणी खोटं बोलायचास तेव्हा असाच हात पाठीमागे न्यायचास. मला तेव्हाच कळलं, हे दाताचं नाही."

मग दाढा का काढू दिल्यास, मी विचारलं.

ती पाव दुधात ढवळत राहिली. "म्हटलं, डॉक्टर तू आहेस, एखाद वेळी माझंच चुकत असेल. पहिली तेवढ्यासाठी दिली. दुसरी काढली तेव्हा तुझा चेहरा बघितला. तू घाबरला होतास रे. मी जाईन म्हणून घाबरला होतास आणि दात धरून बसला होतास. मग म्हटलं, याला घाबरू दे. माझं मलाच बघायला हवं."

 तिनं वाटी माझ्या हातात दिली, धुऊन आण म्हणाली.

१३ मार्च. संध्याकाळी.

विचार करता असं दिसतं की मूळ निदान माझंच होतं. तोंडानं चुकीचं सांगितलं असेल, पण बोटांनी बरोबर सांगितलं आणि त्यावरून पेशंटनं योग्य उपचार घेतले. पेपर अजूनही छापता येईल.

हे हिला सांगितलं. ही म्हणाली, छापा, पण आधी दोन दाढा परत बसवून द्या.

१५ मार्च

मेव्हण्याचा फोन. टीबी असलेल्या घरात सगळ्यांचे फोटो काढावे लागतात, ताईचा झालाय, तुमचा तेवढा राहिलाय. यावेळी मी गिऱ्हाईक वगैरे काही म्हणालो नाही.

निश्चय. हा फोटो मी स्वतः वाचणार. कुणाला आधी विचारायचं नाही. सकाळपासून एक्सरे वाचण्याचं पुस्तक घेऊन बसलोय. सोपं आहे. उगाच बाऊ केला होता.

१७ मार्च

क्लिनिकला गेलो. अक्का सोबत आली. नको म्हटलं तरी आली, तुला एकट्याला पाठवलं तर बीपीची गोळी घेऊन परत येशील म्हणाली. बाहेर खुर्चीवर बसली आणि त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याला रुमाल कसा धरायचा ते शिकवू लागली.

फोटो निघाला. मेव्हण्यानं फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. मी त्याला हातानं थांबवलं. आधी मी बघतो म्हणालो. तो मागे सरकून उभा राहिला.

पुस्तकात सांगितल्याप्रमाणे वरून सुरुवात केली. गळा ठीक. कॉलरबोनच्या वर काही नाही. श्वासनळी मधोमध. उजवं फुप्फुस काळंभोर, स्वच्छ. मग डावीकडे वळलो, आणि खाली.

पांढरं. हा एवढा मोठा गोळा. मुठीएवढा, मुठीहूनही मोठा, कडा गोल, मधल्या रेषेला चिकटून डावीकडे पसरलेला. डाव्या फुप्फुसाचा खालचा अर्धा भाग त्यानं खाऊन टाकला होता.

 पेटीची कड धरली. अक्काचं काय होईल, हे पहिलं मनात आलं. ही मनात आली. वर्गात पोरांना शिकवायचं राहिलेलं आठवलं.

आवाज शक्य तेवढा डॉक्टरसारखा ठेवला. गोळ्यावर बोट टेकवून विचारलं, हे किती दिवसांचं असेल.

मेव्हणा फिल्मकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. हसला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

"भाऊजी," तो म्हणाला, "ते तुमचं हृदय आहे."

आकार नॉर्मल आहे म्हणाला.